वेळेला बांधलेलं औषध

आपल्या घरातला औषधांचा डबा जरा डोळ्यांसमोर आणा. बाम, ओव्याचा अर्क, पित्तावरची गोळी, तापाची गोळी, भाजल्या-कापल्याचं मलम, झालंच तर मुलांच्या खोकल्याची अर्धी उरलेली बाटली. या डब्याच्या बळावर आपण घरातली निम्मी दुखणी निभावून नेतो, आणि त्यात गैर काहीच नाही. पण एक दुखणं असं आहे, की ते या डब्यापाशी अडकून राहिलं तर घात होतो. छातीत दाटून येतं, घाम फुटतो, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "पित्त झालंय." मग आलं-लिंबू होतं, सोडा होतो, पाठीला बाम चोळून होतो, "जरा पडून राहा, बरं वाटेल" होतं. बघता बघता तीन-चार तास निघून जातात.

आज मला हृदयविकाराच्या झटक्यावरच्या, म्हणजे हार्ट ॲटॅकवरच्या औषधांविषयी लिहायचं आहे. मी डॉक्टर नव्हे. शाळेत अर्धवेळ शिकवणारी आणि उरलेल्या वेळात घर सांभाळणारी, तुमच्यातलीच एक. पण हा विषय डॉक्टरांवर सोडून मोकळं होण्यासारखा नाही, असं मला वाटतं. कारण या औषधांचा गुण जेवढा बाटलीत असतो तेवढाच घड्याळात असतो. आणि पहिल्या दोन-तीन तासांचं घड्याळ डॉक्टरांच्या हातात नसतंच; ते घरातल्या बाईच्या हातात असतं.

नेमकं होतं काय?

हृदय म्हणजे एक स्नायू. साऱ्या शरीराला रक्त पुरवणाऱ्या या स्नायूलाही रक्त लागतं, आणि ते त्याच्या अंगावरून पसरलेल्या बारीक रक्तवाहिन्यांतून मिळतं. वर्षानुवर्षं या वाहिन्यांच्या आतल्या अंगाला चरबीचा थर साचत जातो. एखाद्या दिवशी त्या थराला चीर पडते. शरीराला वाटतं, जखम झाली! ते लगबगीने तिथे रक्ताची गुठळी करतं. विळीवर बोट कापलं तर हीच गुठळी रक्त थांबवून आपल्याला वाचवते. इथे मात्र ती वाहिनीची वाटच बंद करून टाकते. पलीकडच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो.

बागेत पाटाचं पाणी तुंबलं, तर सगळे वाफे काही एकदम सुकत नाहीत. टोकाचा वाफा आधी मान टाकतो, मग त्याच्या अलीकडचा. हृदयाचंही तसंच आहे. साधारण वीस-तीस मिनिटांनी स्नायूचा सर्वांत आतला थर मरू लागतो आणि मग तासागणिक ही मर आतून बाहेर सरकत जाते. १९७७ साली अमेरिकेतल्या राइमर आणि जेनिंग्ज या संशोधकांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून हे दाखवून दिलं. सहा तासांच्या सुमाराला वाचवण्याजोगा भाग थोडाच उरलेला असतो.

मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. त्या जागी व्रण तयार होतो, आणि व्रण काही आकुंचन पावत नाही. म्हणजे माणूस झटक्यातून वाचला तरी त्याचं हृदय किती ताकदीचं उरणार, तो बाजारातून पिशवी उचलून आणू शकणार की चार पायऱ्या चढून धापा टाकणार, हे त्या पहिल्या काही तासांत ठरून जातं. तेव्हा प्रश्न फक्त जीव वाचण्याचा नाही. वाचलेला जीव पुढे कसा जगणार, याचाही आहे.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन

आपल्या आजोबांच्या पिढीत झटका आला की डॉक्टर अंथरुणात पडून राहायला सांगत आणि दुखणं थांबवायचं औषध देत. बाकी सारं देवाच्या हवाली. स्नायूचं नुकसान औषधांनी कमी करता येईल, हा विचार त्या मानाने नवा आहे. १९७१ साली अमेरिकेतले डॉक्टर युजीन ब्राऊनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रयोगांनिशी मांडला. मग पुढची कितीतरी वर्षं नाना औषधं पारखून झाली.

त्यातलं खरं कामाला आलं ते गुठळी विरघळवणारं औषध. त्याचं मूळ मोठं गमतीचं आहे. १९३३ साली विल्यम टिलेट या अमेरिकी डॉक्टरांच्या लक्षात आलं, की घसा धरायला लावणारे स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जंतू रक्ताची गुठळी विरघळवतात. जंतूंमधल्या त्या द्रव्यावरून पुढे स्ट्रेप्टोकायनेज हे औषध तयार झालं. आपल्या देशातही चंदीगडच्या इमटेक या सरकारी संशोधन संस्थेने ते बनवण्याची पद्धत विकसित केली. एकीकडे आजार देणारा जंतू, दुसरीकडे जीव वाचवणारं औषध! निसर्गाच्या घरी असंही असतं.

या औषधाची मोठी परीक्षा इटलीत झाली. १९८६ साली तिचे निष्कर्ष छापून आले. अकरा हजारांहून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांना स्ट्रेप्टोकायनेज दिलं होतं, निम्म्यांना नव्हतं. ज्यांना दुखू लागल्यापासून पहिल्या तासाच्या आत औषध मिळालं, त्यांच्यातले मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तीन तासांपर्यंत मिळालं त्यांना बराच फायदा झाला, सहा तासांपर्यंत मिळालं त्यांना थोडा, आणि त्यानंतर फरक दिसेनासा झाला. औषध तेच, मात्रा तीच. बदललं होतं फक्त घड्याळ. पुढच्या अभ्यासांवरून बारा तासांपर्यंत काही ना काही उपयोग होतो असं दिसलं, म्हणून आजही डॉक्टर तोवर ते देतात. पण पहिल्या दोन-तीन तासांची सर नंतर नाही.

असं का, ते आपल्याला सांगायला नको. कणीक मळून झाल्यावर परात लगेच धुतली तर पाण्याच्या एका हाताने निघते. तीच दुपारपर्यंत तशीच पडली तर घासणीने खरवडावी लागते. गुठळीचंही असंच असतं. ताजी असते तोवर औषधाने सुटते, जुनी झाली की घट्ट होऊन बसते.

स्ट्रेप्टोकायनेज शिरेतून साधारण तासाभरात सोडतात. ते एकदा दिलं की शरीर त्याच्याविरुद्ध तयारी करून ठेवतं, म्हणून पुन्हा कधी झटका आला तर तेच औषध सहसा देत नाहीत. तेव्हा कोणतं इंजेक्शन कधी दिलं, तो कागद जपून ठेवायचा, रद्दीत घालायचा नाही. अलीकडे टेनेक्टेप्लेज हे इंजेक्शनही वापरतात. ते वजनाप्रमाणे एकदाच, काही सेकंदांत देता येतं, त्यामुळे लहान गावच्या दवाखान्यातही सोयीचं पडतं.

आता तुम्ही म्हणाल, "हल्ली तर ॲन्जिओप्लास्टी करतात, मग इंजेक्शन कशाला?" बरोबर आहे. फुगा घालून वाहिनी मोकळी करणं हा अधिक खात्रीचा उपाय आहे, पण तो वेळेत मिळाला तर! निदान झाल्यापासून दोन तासांच्या आत ती सोय होणार असेल तर डॉक्टर तीच निवडतात. तालुक्याच्या गावाहून मोठ्या शहरापर्यंतचा रस्ताच तीन तासांचा असेल, तर आधी जवळच्या ठिकाणी इंजेक्शन घ्यायचं आणि मग पुढे जायचं, हा शहाणपणाचा मार्ग. "थेट मोठ्या दवाखान्यातच नेऊ" हा हट्ट पुष्कळदा महागात पडतो.

एक मात्र लक्षात ठेवा. ही इंजेक्शनं सगळ्याच झटक्यांना नसतात. काही झटक्यांत वाहिनी पूर्ण बंद झालेली नसते. तिथे ती देत नाहीत, दुसरी औषधं देतात. कुठला प्रकार आहे, हे कार्डिओग्रामवरून, म्हणजे आपण ज्याला ईसीजी म्हणतो त्यावरून कळतं. म्हणून सगळ्यात आधी ईसीजी.

साध्या गोळीची थोरवी

इंजेक्शनाच्या जोडीला जी गोळी देतात ती आपल्या ओळखीची आहे: ॲस्पिरिन. डोकेदुखीवर पिढ्यान् पिढ्या घेतलेली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ग्लेन्डेल गावचे लॉरेन्स क्रेव्हन नावाचे एक साधे डॉक्टर होते. टॉन्सिल काढलेल्या रुग्णांना ते दुखणं कमी व्हावं म्हणून ॲस्पिरिन घातलेला च्युइंगगम देत. जे फार चघळत त्यांना रक्त जास्त येतं, हे त्यांनी पाहिलं आणि मनाशी विचार केला, की रक्त गोठू न देणारी ही गोळी हृदयाच्या कामी का येऊ नये? १९५०च्या सुमाराला त्यांनी हे लिहून प्रसिद्धही केलं, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

ते सिद्ध व्हायला १९८८ साल उजाडलं. सोळा देशांतल्या चारशेहून अधिक रुग्णालयांत १७,१८७ रुग्णांवर एक मोठी पाहणी झाली. ज्यांना ॲस्पिरिनही नव्हतं आणि स्ट्रेप्टोकायनेजही नव्हतं, त्यांच्यातले शंभरात सुमारे तेरा रुग्ण पाच आठवड्यांत दगावले. दोन्ही मिळालं त्यांच्यात हा आकडा आठवर आला. नुसत्या गोळीनेही जवळजवळ तेवढाच फायदा झाला जेवढा नुसत्या इंजेक्शनाने झाला!

या पाहणीतली एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. छापणाऱ्यांनी संशोधकांना सांगितलं, की अमक्या वयाला किती फायदा, तमक्याला किती, अशी फोड करून द्या. संशोधकांना हे पसंत नव्हतं. फार तुकडे पाडले की आकडे फसवतात, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी मुद्दाम रुग्णांची जन्मराशीप्रमाणेही फोड केली, पाश्चात्त्य पद्धतीच्या राशींनी. निघालं काय, तर मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिनचा उपयोग नाही! अर्थात हा निव्वळ आकड्यांचा खेळ होता, आणि तेच त्यांना दाखवायचं होतं. तेव्हा बायांनो, राशिभविष्य हौसेने जरूर वाचा, पण औषध राशी पाहून घेऊ नका.

सगळीच औषधं अशी यशस्वी झाली नाहीत, हेही सांगायला हवं. शिरेतून मॅग्नेशियम दिलं तर हृदय वाचतं, असं १९९२च्या एका पाहणीत दिसलं होतं. १९९५ साली ५८ हजारांवर रुग्णांवर ते पारखलं तर काहीच फायदा निघाला नाही. सायक्लोस्पोरिन नावाच्या औषधाचंही २०१५ साली तसंच झालं. स्नायूला थेट कवच घालणारं औषध अजून हाती लागलेलं नाही. बंद वाट लवकर उघडणं, याहून मोठा उपाय आज तरी नाही. म्हणून तर घड्याळाचं एवढं महत्त्व.

सहा तास जातात कुठे?

आता आपल्या देशाकडे वळू. भारतातल्या ८९ रुग्णालयांत वीस हजारांहून अधिक रुग्णांची एक पाहणी झाली आणि २००८ साली ती प्रसिद्ध झाली. दुखू लागल्यापासून रुग्णालयाच्या दारात यायला रुग्णांना किती वेळ लागला होता? निम्म्या रुग्णांना ३६० मिनिटं किंवा त्याहूनही जास्त! म्हणजे सहा तास. रुग्णालयात पोचल्यावर इंजेक्शन मिळायला साधारण पन्नास मिनिटं. म्हणजे खरा उशीर डॉक्टरांच्या दारात झालेला नसतो, तो आपल्या उंबऱ्याच्या आत आणि वाटेवर झालेला असतो.

हे सहा तास कुठे जातात, ते आपल्याला चांगलं माहीत आहे. "पित्त असेल" यात एक तास. "रात्रीच्या वेळी कुणाला त्रास कशाला" यात तीन. नेहमीचे डॉक्टर दहाला येतात म्हणून त्यांची वाट पाहण्यात एक. आणि मग, मैत्रिणींनो, शेवटचा वेळ जातो तो सहीत.

आमच्या ओळखीच्या एका घरातली गोष्ट सांगते. यजमान बावन्न वर्षांचे. पहाटे छातीत दुखू लागलं, वहिनींनी शेजाऱ्यांना उठवून तासाभरात दवाखान्यात नेलं. ईसीजी झाला. डॉक्टरांनी इंजेक्शनाचं सांगितलं, धोकाही सांगितला आणि कागद पुढे केला. वहिनींचा हात थांबला. म्हणाल्या, "आमचे भावजी पुण्याहून निघालेत, ते आले की सही करतील." पुण्याहून यायला साडेतीन तास! डॉक्टरांनी पुन्हा समजावलं. वहिनी नुसत्या रडत होत्या. शेवटी पलंगावरून यजमानच म्हणाले, "अगं, कागद इकडे आण." त्यांनी स्वतः सही केली आणि इंजेक्शन लागलं. आज ते दुकानात बसतात.

यात वहिनींना नावं ठेवण्यासारखं काही नाही. ज्या बाईला आयुष्यभर घरातल्या एकाही मोठ्या कागदावर सही करू दिली नाही, तिने एकदम पहाटे पाच वाजता नवऱ्याच्या जिवाच्या कागदावर सही करावी, ही अपेक्षाच अवघड. "काही कमीजास्त झालं तर सासरचे काय म्हणतील?" ही भीती खोटी नसते. म्हणून तर हा विषय आज, सगळं ठीक असताना बोलायचा आहे.

त्या कागदात असतं काय, तेही जाणून घ्या. गुठळी विरघळवणारं औषध फक्त हृदयातलीच गुठळी शोधून काढतं असं नाही. शरीरात इतरत्रही रक्तस्राव होऊ शकतो. शंभरात सुमारे एका रुग्णाला मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. धोका खरा आहे, पण योग्य रुग्णाला वेळेवर दिलं तर वाचणारे जीव त्याहून पुष्कळ जास्त असतात. म्हणूनच डॉक्टर भराभर प्रश्न विचारतात: पूर्वी पक्षाघात झाला होता का, डोक्याला मार लागला होता का, नुकतंच ऑपरेशन झालंय का, शौचाला काळं होतं का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. यातलं काहीही लपवू नका. आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर संमती मुळात त्याचीच असते, हे ध्यानात ठेवा. तो बोलू शकत नसेल तर बायको म्हणून तुम्ही तिथे आहात. दिरांना, मुलाला फोन जरूर करा. पण इंजेक्शन त्यांच्या येण्यासाठी ताटकळत ठेवू नका.

नीट व्यवस्था लावली तर किती फरक पडतो, हे तामिळनाडूने दाखवलं आहे. तिथे लहान रुग्णालयं मोठ्या रुग्णालयांना जोडली, ईसीजी तिथल्या तिथे काढून पुढे पाठवला, इंजेक्शन जवळच दिलं आणि मग रुग्ण पुढे नेला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वर्षभरातले मृत्यू शंभरात साडेसतराहून सुमारे चौदावर आले.

आपण करायचं ते एवढंच

छातीत दाब, आवळल्यासारखं किंवा जळजळल्यासारखं दुखणं, ते डाव्या हातात, खांद्यात, जबड्यात, पाठीत उतरणं, दरदरून घाम, धाप, मळमळ. यातलं काही दहा-पंधरा मिनिटांत थांबलं नाही तर पित्त की हृदय हा वाद घरात घालू नका. तो वाद ईसीजीने मिटवायचा.

१०८ ला फोन करा. आपल्या महाराष्ट्रात ही मोफत रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. ती यायला फार उशीर होणार असेल तर मिळेल त्या गाडीने निघा, पण रुग्णाला स्वतः गाडी चालवू देऊ नका, स्कूटरवर मागे बसवू नका, जिना चढायला लावू नका.

घरात साधी ॲस्पिरिन असेल तर फोनवर डॉक्टरांना विचारून सुमारे ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्यावी, किंवा विरघळणारी असेल तर पाण्यातून. चावल्याने ती लवकर लागू पडते. ज्यांना ॲस्पिरिन सोसत नाही, पोटात अल्सरचा रक्तस्राव झालेला आहे, किंवा तोंड वाकडं होऊन एका बाजूची शक्ती गेली आहे, त्यांना ती देऊ नका. आणि हो, तापावरची पॅरासिटामॉल म्हणजे ॲस्पिरिन नव्हे. दोन्ही गोळ्या पांढऱ्या, म्हणून गफलत होते.

जिभेखालच्या गोळीबद्दलही थोडं. सॉर्बिट्रेट पुष्कळ घरांत असते. तिने वाहिनी थोडी सैल होऊन बरं वाटतं, पण गुठळी काही विरघळत नाही. शिवाय रक्तदाब एकदम उतरून माणूस कोसळू शकतो. डॉक्टरांनी ज्याला लिहून दिली आहे त्यानेच, बसून घ्यायची. शेजाऱ्यांची उसनी नको. गोळीने बरं वाटलं म्हणून जाणं रद्द करू नका.

जोरजोराने खोकत राहिलं की झटका टळतो, अशी सांगी मोबाइलवर फिरत असते. त्यावर विसंबू नका.

आणि दुखणं तुमचंच असेल तर?

हे मी मुद्दाम वेगळं लिहिते आहे. नवऱ्याच्या छातीत दुखलं तर आपण घर डोक्यावर घेतो. स्वतःचं दुखलं तर? "एवढ्या पोळ्या लाटून घेते." "मुलं शाळेतून येऊ देत." "सासूबाईंना जेवायला वाढून मग बघू."

बायकांमध्येही छातीत दुखणं हेच मुख्य लक्षण असतं, पण त्याच्या जोडीला, कधी त्याच्याऐवजी, नुसती धाप, मळमळ, जबडा-मान-पाठीतलं दुखणं, विनाकारण गळून जाणं अशी लक्षणं आपल्यात जास्त दिसतात. मधुमेह असेल तर दुखणं फारसं जाणवतही नाही. त्यामुळे घरच्यांना, कधीकधी दवाखान्यातही, ते चटकन ओळखू येत नाही. पाळी थांबल्यानंतर हा धोका वाढतो. आपण भारतीयांना झटका इतरांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षं आधी गाठतो, हे २००४ सालच्या एका जागतिक पाहणीत दिसलं होतं.

तेव्हा असं काही वाटलं तर लाजू नका. "मला ईसीजी काढायचा आहे" हे वाक्य स्पष्ट आवाजात म्हणायला शिका. ईसीजी चांगला निघाला तर "उगाच घाबरली" असं म्हणतील. म्हणू देत बापडे!

घरी आल्यानंतरच्या गोळ्या

झटक्यातून वाचून माणूस घरी येतो तो गोळ्यांची मोठी पिशवी घेऊन. त्यातली प्रत्येक गोळी उरलेला स्नायू जपण्यासाठी असते.

ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीची क्लोपिडोग्रेलसारखी गोळी नवी गुठळी होऊ देत नाहीत. स्टेंट बसवला असेल तर या दोन गोळ्या म्हणजे व्रतच समजा. मध्येच सोडल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. दात काढायचा असला तरी दंतवैद्याने सांगितलं म्हणून परस्पर बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

दुसरी गोळी हृदयाची घाई कमी करणारी, बीटा ब्लॉकर. हे औषध शोधणारे सर जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळालं. ज्यांच्या हृदयाची ताकद शाबूत आहे अशांना ही गोळी हवीच का, असा प्रश्न २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः स्वीडनमधल्या अभ्यासाने उभा केला आहे. पण तुमच्या घरच्या रुग्णाला ती हवी की नको, हे डॉक्टरच ठरवतील. मनाने सोडली तर त्रास उलटतो.

तिसरी गोळी हृदयाला बेढब पसरू देत नाही. व्रणाच्या शेजारचा स्नायू ताणून ताणून हृदय सैल पिशवीसारखं होऊ लागतं; ही गोळी तो ताण उतरवते. तिचा उगम ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषाच्या अभ्यासात आहे! त्या अभ्यासातून कॅप्टोप्रिल हे औषध तयार झालं, आणि झटक्यानंतर ते दिलं तर मृत्यू कमी होतात, हे १९९२ साली सिद्ध झालं. या जातीच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. तसं झालं तर खोकल्याचं औषध पाजत बसू नका, डॉक्टरांना सांगा. बदलून दुसरी देता येते.

चौथी स्टॅटिन, चरबीचा थर आवरणारी. "कोलेस्टेरॉल आता बरोबर आलं, मग कशाला?" असं यजमान म्हणतील. अहो, ते गोळीमुळे बरोबर आलंय!

उपवासाच्या दिवशी, लग्नाच्या गर्दीत, गावाला जाताना हमखास गोळ्या राहतात. चतुर्थी असो की एकादशी, गोळीने उपवास मोडत नाही. खर्च परवडत नसेल तर तसं डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. याच औषधांची जेनेरिक रूपं बरीच स्वस्त मिळतात. अर्ध्या गोळ्या घेऊन महिना लांबवू नका. आणि कंबर-गुडघे दुखले म्हणून दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळी आणू नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या झटका येऊन गेलेल्या हृदयाला घातक ठरू शकतात.

आज रात्री जेवणं झाली की एक काम करा. घरातल्या मोठ्या माणसांना जवळ बसवा आणि तीन गोष्टी ठरवा. रात्री-अपरात्री ईसीजी आणि इंजेक्शन दोन्ही मिळेल असं आपल्या घराच्या सर्वांत जवळचं ठिकाण कुठलं, ते उद्या विचारून यायचं. प्रत्येकाची चालू औषधं, ॲलर्जी आणि जुनी दुखणी एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची; आधार कार्ड आणि रेशन कार्ड एका पिशवीत ठेवायचं, सरकारी योजनेसाठी ती लागतात. आणि तिसरं, यजमानांनी सगळ्यांसमोर म्हणायचं, "वेळ आली तर सही हिने करायची. कुणाची वाट पाहायची नाही." त्यांच्या तोंडून हे एकदा सर्वांनी ऐकलं, की त्या पहाटे तुमचा हात थांबणार नाही.

आणि हो, तुमच्यासाठी सही कोण करणार, तेही त्याच वेळी ठरवून टाका.